घर आलं की दारं उघडायची

"घर आलं की दारं उघडायची," मॅनेजर म्हणाला. "हिरो काठी टेकत पायरी चढला, की अंगणाकडची तिन्ही दारं सताड. त्याच्या पुढचं कुणाला बघायचं नसतं."

"त्याच्या पुढे अजून अडतीस मिनिटं आहेत," बॅटरी म्हणाला.

"तू बघतोस वाटतं?"

"बघत नाही. मोजतो."

एकवीस वर्षं थिएटरच्या दारावर उभं राहिलेल्या माणसाला दुसरं काय येणार? हातातल्या बॅटरीवरून त्याला बॅटरी म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव हजेरीच्या वहीत तेवढं उरलं होतं. पडद्यावर काय चाललंय यापेक्षा कोण कुठल्या प्रसंगाला उठतं, यावर त्याचा डोळा. युद्धाचा हा सिनेमा लागून नऊ दिवस झाले होते. पहिल्या तासातली नदी ओलांडायची लढाई सुरू झाली, की दर वीस मिनिटांनी संडास गाठणारी म्हातारी माणसंसुद्धा जागची हलत नसत. पुढे हिरो जखमी होऊन घरी आला, की दहा उठत. बायको त्याला भरवू लागली, की चाळीस. शर्टाच्या बटणांचा प्रसंग आला, की अर्धं थिएटर चपला शोधू लागे. शेवटाला अकरा उरत. त्यातले चार झोपलेले.

"सुरुवात म्हणजे तोफ," मॅनेजर म्हणाला. "आणि शेवट म्हणजे दवाखान्यातली रांग. गडी बसलाय. बायको बटणं लावतेय. गडी अजून बसलाय. लोक सिनेमाला येतात की आजाऱ्याला भेटायला?"

बॅटरी हसला. चहाच्या टपरीवर नऊ दिवस तोही हेच सांगत होता: पहिला तास चुकवू नका, नंतर उठलात तरी काही बिघडत नाही. त्याने स्वतः शेवट पाहिलाच नव्हता. तेवढ्या वेळात दारातच, पडद्याकडे पाठ करून, त्याचा चहा होई.

"दुपारच्या खेळाला ऊन थेट पडद्यावर पडेल," तो म्हणाला. "बसलेत त्यांना काही दिसायचं नाही."

"अकरा जणांसाठी रडतोस? दारं उघडली नाहीस, तर सोमवारी येऊ नकोस."

"उघडतो. माझं काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी साडेबाराच्या खेळाला तिकीट पुढे करणारा हात त्याने आधी ओळखला. बोटांची पेरं साबणाने पांढरी पडलेली. मग वर पाहिलं.

"वहिनी? तुम्ही इकडे कुठे? दादापाशी कोण आहे?"

"शेजारच्या काकूंना बसवून आलेय. चारपर्यंत थांबते म्हणाल्या."

"निरोप द्यायचा. तिकीट कशाला काढलंत?"

"तुम्हाला कशाला त्रास, भाऊजी."

त्यात टोमणा सापडला असता तर बरं झालं असतं. सापडला नाही, म्हणून जास्त लागलं. मागच्या रांगेतली कोपऱ्याची खुर्ची त्याने रुमालाने पुसली.

"सुरुवात जबरदस्त आहे, वहिनी. नदीची लढाई तर..."

"सुरुवात मला पाठ आहे. हे रोज पहाटे झोपेत ओरडून सांगतात." पदराने कपाळ टिपत ती बसली. "मी शेवट बघायला आलेय. काकूंचा जावई म्हणाला, माणूस घरी आल्यावर सिनेमा संपत नाही, पुढचंही दाखवलंय. म्हटलं बघावं तरी, काय दाखवतात."

अंधार झाला. तोफा सुरू झाल्या. बॅटरी खांबाला टेकून उभा राहिला, आणि त्याला नको ते आठवायला लागलं.

दादा लढाईवरून आला तेव्हा स्टेशनवर बँड होता. दोन माणसांनी धरून त्याला डब्यातून उतरवलं, तर गर्दीत उचलून घ्यायला चाळीस हात पुढे. घरी भेटायला येणाऱ्यांना बसायला शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणल्या होत्या. पहिल्या महिन्यात खुर्च्या पुरल्या नाहीत. सहा महिन्यांत चार पुरल्या. दुसऱ्या वर्षी एक उरली, आणि तिच्यावर बॅटरी स्वतः बसायचा. तिसऱ्या वर्षी त्याने थिएटरजवळ खोली घेतली. शेवटच्या खेळाला उशीर होतो, हे कारण सांगितलं. वहिनीने त्याची गादी स्वतः बांधून दिली होती. "सुटीच्या दिवशी येत जा," एवढंच म्हणाली होती.

लोकांच्या उठण्याची एवढी मोजदाद करणारा हा माणूस. त्या घरातून आपण कितवे उठलो, हे त्याने कधी मोजलं नव्हतं.

पडद्यावर हिरोने काठी टेकली. पायरी चढला. खुर्च्या खटाखट वाजू लागल्या.

बॅटरी मधल्या दाराला पाठ लावून उभा राहिला.

"ओ, दार उघडा," एक जाडा गृहस्थ म्हणाला.

"बाजूच्या बोळातून जा. तिथला दारावरचा पडदा सारून एकेकाने. ही दारं उघडणार नाहीत."

"रोज उघडतात की."

"खेळ संपल्यावर उघडतात. खेळ संपलेला नाही."

"संपल्यातच जमा आहे. काय राहिलंय त्यात?"

"ते बसून बघितलं असतं तर कळलं असतं," बॅटरी म्हणाला. "मघाशी माणसं मरत होती तेव्हा शेंगदाणे खात बसला होतात ना? आता एक जगतोय, तर तुम्हाला घाई झाली?"

गृहस्थ वेड्याकडे बघावं तसा त्याच्याकडे बघत बोळाकडे वळला. त्याच्यामागून बाकीचे कुरकुरत निघाले. बोळातूनच मॅनेजर आत आला.

"दारं," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"नाही."

"कुणासाठी? आठ टाळकी बसलीत."

"मोजलीत मी. आठच आहेत. त्या आठांसाठी."

"तूच म्हणायचास, शेवट रटाळ आहे म्हणून."

"न बघता म्हणायचो," बॅटरी म्हणाला. "लाज वाटतेय, म्हणून जरा गप्प बसा."

मॅनेजरने हात पुढे केला. बॅटरीने त्या हातावर बॅटरी ठेवली, आणि पाठ दारालाच ठेवून पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर एक खोली होती. पाहुण्यांसाठी मांडलेली खुर्ची. पुढच्या दृश्यात खुर्ची रिकामी. त्याच्या पुढच्या दृश्यात तिच्यावर ओले कपडे वाळत घातलेले. कुणी काही बोललं नाही, संगीतही वाजलं नाही. शर्टाच्या तिसऱ्या बटणावर त्या माणसाची बोटं पुन्हा पुन्हा घसरत राहिली. बायको हात मांडीवर दाबून बघत राहिली. आणि बटण एकदाचं लागलं.

दिवे लागले. आता बॅटरीने तिन्ही दारं उघडली. ऊन आत आलं.

वहिनी सावकाश उठली. मॅनेजर दारातच होता. आपली बाजू कुणाकडून तरी वदवून घेतल्याशिवाय त्याला करमलं नसतं.

"बाई, तुम्ही शेवटपर्यंत बसलात. खरं सांगा, शेवट लांबला की नाही? सुरुवातीची सगळी मजा घालवली."

वहिनीने पिशवी खांद्याला अडकवली.

"लांबला? एका दुपारीत बटण लावायला शिकला हो तो," ती म्हणाली. "आमच्याकडे चार वर्षं लागली. आणि त्याची बायको एकदाही चिडली नाही. मी ताट भिरकावलंय. खुर्चीचं मात्र बरोबर दाखवलंय."

मॅनेजरने बॅटरी या हातातून त्या हातात घेतली.

वहिनी अंगणात उतरली. बॅटरी मागोमाग आला.

"तुमचं काम?" तिने विचारलं.

"सुटलं आत्ताच. मी येतो. दादाला भेटतो."

"या की. चहा ठेवते."

ती फाटकाकडे निघाली. तो घाईने डावीकडे वळला.

"सात नंबरची बस इकडून ना, वहिनी?"

ती थांबली. पदर सावरला.

"सात नंबर बंद झाली, भाऊजी. नऊ वर्षं झाली," ती म्हणाली, आणि रस्त्याच्या पलीकडच्या थांब्याकडे चालू लागली.

तो तिच्या दोन पावलं मागे राहिला. रस्ता तिला माहीत होता.