कवळीची डबी

पक्ष फुटला तेव्हा रखमाने ते मनावर घेतलं नव्हतं. वरची माणसं आज भांडतात, उद्या एका ताटात जेवतात, आपल्याला काय त्याचं! पण महिनाभरात ती फूट जिना चढून करी रोडच्या चाळीत आली. बॅनर कुणाचा वर लावायचा यावरून मारामारी झाली, दारात पोलीस आले, आणि तिचे दोन मुलगे दोन बाजूंना उभे राहिले. थोरला हितेंद्र जुन्या गटात, धाकटा विनीत नव्यात. थोरला बिऱ्हाड घेऊन अँटॉप हिलला गेला आणि सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. गेल्या साली गावच्या घरी गणपती एकच, पण आरत्या दोन झाल्या. एक बाहेर पडल्याशिवाय दुसरा आत आला नाही. उद्या पुन्हा राडा झाला तर डोकं आपल्याच पोराचं फुटणार, पुढाऱ्याचं नव्हे, ही धास्ती रखमाला सोडत नव्हती. यंदा आरती एकच झाली पाहिजे, एवढंच तिचं मागणं होतं.

यंदा कोकणात जायला दोन्ही गटांनी फुकट बस सोडल्या. आईवडील माझ्याच बसने येणार, असा दोन्ही मुलांनी हट्ट धरला. शेवटी तिच्या नवऱ्याने, म्हणजे अण्णांनी, वाटणी केली. ते थोरल्याच्या बसमध्ये, ती धाकट्याच्या.

"म्हातारपणी काडीमोड," रखमा म्हणाली, पण तिला हसू आलं नाही.

सकाळी रस्त्याच्या दोन्ही अंगांना बस उभ्या राहिल्या. झेंडा दाखवायला दोन्हीकडचे साहेब यायचे होते, आणि साहेब म्हटले की उशीर आलाच. तोवर समोरासमोर घोषणांना ऊत आला होता. पलीकडच्या खिडकीत अण्णा शांत बसलेले दिसत होते. रखमाने पिशवीतली डबी चाचपली. खायची वेळ आल्याशिवाय अण्णा कवळी लावत नसत, आणि ती कवळीची डबी तिने निघताना गुपचूप उचलली होती.

तिकडे नाश्त्याची पाकिटं वाटायला सुरुवात झाली तशी तिने हाक मारली.

"विन्या, अण्णांची कवळी माझ्याकडेच रवली रे. नेऊन दी."

"त्यांच्या गाडीकडे? मी? थांब, कुणालातरी पाठवतो."

"बापाचे दात पार्टीच्या पोरांच्या हातात देतलस?"

विनीत ओशाळला. "मग तूच जा ना, आये."

"ह्या गुडघ्यांनी? बसांदेत मगे उपाशी."

विनीत मुकाट्याने रस्त्यात उतरला. त्याला येताना पाहून समोरून हितेंद्र तरातरा पुढे आला. दोन्हीकडच्या घोषणा थबकल्या.

"इकडे काय काम?" हितेंद्रने विचारलं.

"अण्णांची कवळी." विनीतने डबी पुढे केली.

हितेंद्रने ती उघडली. "रिकामी आहे ही!"

"आयेने आत्ता दिली. तूच पाडलीस उघडताना!"

"मी? वाटेत तू सांडलीस!"

आता जुंपणार, असं वाटून रखमाने देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात एक टेम्पो आला.

"अरे, चाक जाईल वरून!" हितेंद्र ओरडला आणि हात आडवे करून टेम्पोपुढे उभा राहिला. विनीत भर रस्त्यात गुडघ्यांवर बसला. टेम्पो थांबताच हितेंद्रही खाली वाकला आणि दोघांची पक्षाची उपरणी धुळीत लोळायला लागली.

"दादा, तुझ्या पायाखाली बघ रे!"

दादा! किती दिवसांनी तो शब्द कानावर पडला. रखमाला भरून आलं. पण कवळी खरंच गेली की काय, म्हणून ती चरकली आणि तिने अण्णांकडे पाहिलं.

अण्णा पुरी चावत होते. चांगली दोन्ही गालांत भरून. ती बघतेय म्हटल्यावर ते सगळे दात दाखवून हसले आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. तिने डबी उचलायच्या आधीच म्हाताऱ्याने आतला ऐवज खिशात घातला होता.

"आये," विनीतने खालून विचारलं, "डबीत नक्की होती ना?"

रखमाने तोंडाला पदर लावला.

"होती रे. नीट शोधा. दोघांनी."