औंदाचं घर

हिरामण गुरुजींचं गावच्या जुन्या इमारतींवरचं पुस्तक छापून आलं. भागीच्या सुनेनं, शीतलनं, ते तिला वाचून दाखवलं आणि भागीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुस्तकात चावडी होती, जुनी शाळा होती, गुरुजींचं स्वतःचं घरही फोटोसकट मिरवत होतं. भागीच्या डोंगराखालच्या कातकरवाडीच्या वाट्याला मात्र एकच ओळ: ‘घरे एक वर्षाची.’

एवढंच असतं तर भागीनं दोन शिव्या हासडून विषय सोडला असता. पण पंचायतीनं ठरवलं होतं, पुस्तकात जुनं म्हणून आहे ते राहील, बाकीचं अतिक्रमण. वाडीच्या जागेवर ट्रकांचा तळ होणार होता.

त्यात चूक तिचीही होती, म्हणून राग दुप्पट. दिवाळीत गुरुजी वही घेऊन आले होते. कुंपणाबाहेरूनच त्यांनी विचारलं, “घर कधी बांधलं गो?” पाऊस सरला की भागी दरवर्षी कारवीच्या काठ्यांच्या कुजलेल्या भिंती काढून नव्या उभ्या करते, शेणमातीनं लिंपते. त्या दिवशी लिंपण अजून ओलं होतं. ती तोऱ्यात म्हणाली, “औंदाच!” वाडीतल्या साऱ्या बायकांनी तेच सांगितलं. गेल्या सालच्या भिंतीत राहते म्हणून कोण सांगेल? आळशी ठरायची हौस होती का कुणाला?

शीतलला घेऊन ती तरातरा गुरुजींच्या घरी गेली. तिथं तिचाच नवरा केरू पावसाआधी छप्पर शाकारत होता. अर्धी कौलं उतरवून अंगणात रचलेली होती.

“गुरुजी, आमची वाडी माझ्या सासऱ्याच्या आज्यापासनं हाय. एक वरीस कुठनं काढलंत?”

“तूच सांगितलंस ना?”

“मी भिंतीचं सांगितलं! तुमचं छप्पर दरसाल उचकटतात, मग तुमचं घर शंभर वर्षांचं कसं?”

“अगं, खालचं जोतं शंभर वर्षांचं आहे. वय जोत्याचं धरतात.”

“जोतं आमच्या घरालाबी हाय. नदीवरनं डोक्यावर दगड आणून घातलेलं. तुमी कुंपणाच्या आत तरी आलात का बघायला?”

गुरुजी हसले. “चार दगड काय, कुणीही मांडतं.”

ते हसणं भागीच्या जिव्हारी लागलं. आता भांडायचंही नाही, असं तिनं ठरवलं.

“अवो, उतरा खाली,” तिनं नवऱ्याला हाक मारली. केरूनं सगळं ऐकलं होतं. हात झटकून तो उतरला.

गुरुजी चपापले. “अगं, अर्धं घर उघडं आहे! चार दिवसांवर पाऊस आलाय.”

“कौलं काय, कुणीबी मांडतं.”

गुरुजींनी वर पाहिलं. देवघरावर नुसतं आभाळ होतं. त्यांनी आतून वही आणून उघडली. “बरं बाई. चूकदुरुस्ती छापून प्रत्येक पुस्तकात चिकटवतो, पंचायतीतही देतो. पहिलं घर बांधणाऱ्याचं नाव सांग.”

“नाव मागनं लिवा,” भागी म्हणाली. “आधी चपला घाला नि जोतं बघायला चला.”