क्लिकशिवाय

खोलीत चार माइक होते, दोन ॲम्प, एक ड्रमसेट आणि तीन माणसं: दोघे भाऊ आणि त्यांचा गायक. त्यांच्या ब्लॅक मेटल बँडच्या मागच्या अल्बमला एकट्या ड्रमवरच चौदा माइक लावले होते. या वेळी तिघांनी एकत्र, एका दमात वाजवायचं आणि नंतर कशालाही हात लावायचा नाही, असं थोरल्याने ठरवलं होतं. चुकलं तर चुकलं.

"सेंद्रिय ब्लॅक मेटल! आता खत तेवढं टाकायचं राहिलं," गायक म्हणाला. इतकी वर्षं किंचाळून त्याचं नावच घसा पडलं होतं.

थोरल्याने गिटार गळ्यात अडकवली. त्याला पहिला अल्बम परत हवा होता, काकांच्या गॅरेजमधला. ती गाणी मिनिटाला एकशे बहात्तर ठोक्यांवर सुरू व्हायची आणि एकशे पंच्याऐंशीवर संपायची, उतारावर ब्रेक सुटलेल्या गाडीसारखी. ती धाव ड्रमवर बसणाऱ्या धाकट्या भावाच्या हातांची होती.

दुसऱ्या अल्बमच्या वेळी थोरल्याने कॉम्प्युटरवर त्याचा एकेक ठोका उचलून रेघेवर बसवला. "तुझा हात सुटतो रे," एवढंच म्हणाला. धाकटा टकटक करून लय दाखवणारा मेट्रोनोम घेऊन बसला तो बसलाच. पुढच्या दोन अल्बमना दुरुस्ती लागलीच नाही. थोरल्याने तेव्हा त्याची पाठ थोपटली होती.

धाकट्याने मेट्रोनोमची टकटक ऐकायला सवयीने हेडफोन चढवला. "दादा, क्लिक येत नाहीये."

"आज क्लिक नाही. काढ तो."

"मग धरू कशाला?"

"आम्हाला धर. पळावंसं वाटलं तर पळ. गॅरेजमध्ये पळायचास तसा."

"तेव्हा पळू नको म्हणून जीव खाल्लास की माझा!"

"आता उरलेला खातोय," घसा म्हणाला.

थोरला उगाच गिटारची खुंटी पिळत राहिला.

गाणं सुरू झालं. मध्यावर थोरल्याने मुद्दाम गिटार पुढे रेटली. घसाही त्याच्यामागे धावला. दोघं काही क्षण पुढे गेले, आणि ड्रमची लय हलत नाही म्हटल्यावर मुकाट परत आले.

शेवटचा ठोका विरला. धाकटा घामाने निथळत होता, चेहरा लालबुंद.

"दादा, जाम पळालो ना रे?"

थोरल्याने रेकॉर्डिंग लावून मोजलं. पहिल्या मिनिटात एकशे ऐंशी ठोके. शेवटच्या मिनिटात एकशे ऐंशी.