चिंचेने घासलेला सॅक्सोफोन

लेकीच्या, मैनेच्या हळदीत बापाचा सॅक्सोफोन झळकला पाहिजे, म्हणून धर्मा पाहुण्यांना आणायला गेला तशी वत्सलाने तो चिंच लावून घासला, हंडा-कळशीबरोबर पाण्यात बुचकळला आणि पुसून पेटीत ठेवला. पितळ ते पितळ. मुरबाडकडची कुठलीही बाई हेच करणार.

खरं तर लग्न झालं तेव्हाच धर्माने तिला वाद्य मांडीवर घेऊन समजावलं होतं. हा सोप्रानो, मोठ्या सॅक्सोफोनसारखा वाकडा नाही, सनईसारखा सरळ. हे तोंड, त्यावर बोरूची पातळ पत्ती, ती आवळून धरणारी पट्टी. फुंकलं की पत्ती थरथरते. पुढे नळी, नळीवर चाव्या, टोकाला भोंगा. "आन चावीखाली कातड्याची गादी. ती भोकावर नीट बसली नाय तं हवा पळते. पाणी लागलं का संपली." वत्सला तेव्हा तांदूळ निवडत होती. चकाकणारं तेवढं तिच्या लक्षात राहिलं.

मांडवात धर्माने पेटी उघडली, सूर लावला. वरचे कसेबसे निघाले, खालचे नुसतेच फुसफुसले. त्याने पत्ती बदलली, एका चावीखाली बोट फिरवलं आणि थबकला. मग छातीवर हात ठेवून बँडमास्तर महिपतला म्हणाला, "दम गेला माझा."

महिपतने शहापूरहून नवा कॅशियो कीबोर्ड आणलाच होता. "मंग आता घरी आराम कर, धर्मा. वाजवायच्या सुपाऱ्या आमी बघू."

वत्सलाला आता कुठे चावीखालची ती कातड्याची गादी आठवली. तिने नवऱ्याला पडवीत गाठलं. "अवो, दम नाय गेला तुमचा. मीच तो..."

"ठाव हाय गो." त्याने मूठ उघडली. आत चिंचेची शीर होती. "व्याह्यांपुढं तुला हसली असती लोकं. दम गेला त्याला कोण हसत नाय."

वत्सलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिची लाज झाकायला या माणसाने आपलं वाजवणंच सोडलं होतं.

ती तडक मांडवात गेली. "महिपतदादा, ह्यांचा दम शाबूत हाय! सॅक्सोफोन मी चिंचेनं धुतला, हंड्यासारखा!"

मांडव खो-खो हसला, विहीणबाई सगळ्यांहून जास्त. वत्सला जागची हलली नाही. "हसा. पण गाद्या बदलल्या का सुपारीला हेच वाजवतील, येवढं आयकून हसा."

महिपतने मान डोलावली. वत्सलाला मात्र धर्माकडे बघवत नव्हतं; त्याने झाकलेलं तिनेच चारचौघांत उघडं केलं होतं.