चौथा ठोका

श्रावणी सोमवारी माझं मौन असतं. ठाण्याला कोपिनेश्वराचं दर्शन होईपर्यंत शब्द नाही, खूण नाही, चिठ्ठी नाही. मागे एकदा आमच्या ह्यांना मोबाइलवर 'दूध उतू जातंय' एवढंच लिहून पाठवलं, तर 'मोडलं, व्रत मोडलं' म्हणून त्यांनी दिवसभर घर डोक्यावर घेतलं. तेव्हापासून सोमवारी फोन देवघरातच ठेवते. मनात नामस्मरण आणि बोटांनी ठेका, एवढंच काय ते चालू असतं. भजनी मंडळात टाळ वाजवून बोटांना ती सवयच जडली आहे.

आम्ही डोंबिवलीत मानपाड्याला राहतो. ठाण्याला जायचं तर एरवी हेच गाडी चालवायचे. यंदा ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही दिवस स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. मुलगा सुदेश कामासाठी नागपूरला. राहिली आमची सून मैथिली. ती फिजिओथेरपिस्ट आहे. कल्याण-डोंबिवलीभर पेशंटच्या घरी जाते, उन्हातान्हात रिक्षांना हात करत. लायसन्स नवं कोरं मिळालेलं. गाडी दारात नुसती उभी आणि किल्ली मात्र ह्यांच्या खिशात.

"आज तू ने ठाण्याला," सोमवारी सकाळी किल्ली तिच्या हातावर ठेवत हे म्हणाले. "नीट नेलीस तर किल्ली तुझी. नाहीतर शेजारच्या गोपीनाथला ड्रायव्हर म्हणून ठेवतो. रिकामाच आहे तो."

"चालेल, बाबा," मैथिली म्हणाली. पण ओढणीच्या टोकाला तिने दोनदा पीळ घातलेला मी पाहिला.

गाडी ह्यांनी लखलखीत करून ठेवली होती. आदल्या दिवशी काळा चष्मा लावून, बॉनेट उघडून, नळीने आतबाहेर धुतली आणि थेट इंजिनावरच हळदकुंकू वाहिलं. "इंजिनालाही श्रावण असतो," म्हणाले.

मी बेलाची पिशवी मांडीवर घेऊन मागे बसले. मानपाड्याच्या सिग्नललाच गाडी जागच्या जागी थरथरायला लागली.

"क्लच," हे म्हणाले.

"दाबलेलाच आहे, बाबा."

"अर्धा दाबलायस."

सिग्नल सुटला आणि गाडीने लागोपाठ गचके दिले.

"बघ. क्लच सोडतेस की लाथ मारतेस? पेशंटला पण असेच झटके देतेस का?"

"पेशंट बरे होतात, बाबा."

तेवढ्यात समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. मैथिलीने विचारलं, हा कसला. हे म्हणाले, "लागतो तो मधूनमधून. तू रस्त्याकडे बघ."

काटईजवळ पुलाच्या चढावर तर गाडीने मानच टाकली. मैथिली पाय दाबतेय आणि गाडी नुसती कण्हतेय. पेट्रोलचा उग्र वास आत आला. मागे हॉर्नचा गलका. मैथिलीचे कान लाल झाले.

"गोपीनाथला फोनच लावतो," असं म्हणून ह्यांनी मोबाइल काढला.

मी नामाचा ठेका धरू पाहत होते, पण जमेना. इंजिन आड येत होतं. तीन ठोके आणि चौथ्याला गप्प. पुन्हा तीन, पुन्हा गप्प. आमच्या मंडळात रंगूबाई नवीन आल्या तेव्हा नेमकी चौथी टाळी गाळायच्या, हुबेहूब तसं. पाय चुकला तर गचका कधी इथे बसेल, कधी तिथे. असा तालात बसायचा नाही. एवढं मला कळलं, पण सांगणार कशी? आणि नाही सांगावं तर पोरीची किल्ली जाते.

टाळी म्हणजे काही खूण नव्हे, भजनच ते, असं मनाशी म्हटलं आणि टाळी धरली.

"हिला आता भजन सुचतंय," हे म्हणाले.

मैथिलीने आरशातून मागे पाहिलं. मी तीन टाळ्या वाजवल्या आणि चौथीला हात हवेतच ठेवले. पुन्हा तीन. पुन्हा हात हवेत.

"बाबा, जरा फोन ठेवा," ती हळूच म्हणाली. "ऐका. आई वाजवतायत तसंच इंजिन वाजतंय. एक ठोका गळतोय."

कसाबसा पूल उतरल्यावर तिने गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवून गिअर काढला, हँडब्रेक ओढला आणि दोन्ही पाय पेडलवरून उचलून मागे घेतले. "आता माझे पाय कुठे आहेत बघा."

हे काळ्या चष्म्यातून खाली वाकून पाहत राहिले. गाडी तशीच थरथरत होती.

"पेट्रोलात भेसळ असेल," हे म्हणाले. पण मोबाइल खिशात गेला.

तिथून अगदी हळूहळू शीळफाट्यापर्यंत आलो. तिथे प्रीतम नावाच्या मुलाचं गॅरेज लागलं. त्याने गाडीला यंत्र जोडलं.

"रेटत नाही आणलीत ते बरं केलंत," तो म्हणाला. "न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये गेलं की तिकडचं काम निघतं. चार नंबरचा सिलिंडर मिस मारतोय, पेटतच नाही. कॉइल असणार. प्लगला ठिणगी तीच देते ना. थांबा, खात्री करू."

त्याने चौथ्या जागची कॉइल उपसली. बोटाला काय लागलं ते हुंगून पाहिलं. ती कॉइल दोन नंबरच्या जागी बसवली, तिथली चौथ्या जागी, आणि गाडी चालू केली.

"आता बघा, दोन नंबर मिस मारतोय. दुखणं कॉइलबरोबर गेलं. म्हणजे हीच खराब."

"मग क्लचचं काही नाही?" ह्यांनी विचारलं.

"क्लच मस्त आहे, काका. पण एक सांगा." त्याने चौथ्या प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारला. "इथे पाणी साचलंय, त्यातच गेली ही. आणि पाणी पिवळं आहे. इंजिनाला अभिषेक कोणी घातला?"

मैथिली माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे बघेना. हसलेलं मौनात चालतं की नाही, ते मी कुठे वाचलेलं नाही. म्हणून पदर तोंडाला लावला. हे कोपऱ्यात रचलेले टायर फार लक्ष देऊन पाहू लागले.

"आत नळी मारू नका," प्रीतम म्हणाला. "ओल्या फडक्याने पुसलं तरी पुरे. आणि हळदकुंकू बॉनेटच्या वर वाहा."

त्याने हवा मारून खड्डा कोरडा केला, नवी कॉइल आणि नवा प्लग बसवला. गाडी चालू झाली आणि चारही ठोके जागच्या जागी पडले. माझी बोटं आपोआप त्यात मिसळली.

मुंब्रा बायपासचा चढ गाडी गुणगुणत चढली. ह्यांनी डावीकडे घे म्हटलं नाही, उजवीकडे घे म्हटलं नाही. मैथिलीने मध्येच विचारलं, "बाबा, बरोबर चाललंय ना?" तर नुसती मान हलवली. त्या सोमवारी गाडीत दोघांचं मौन होतं.

मंदिरात बेल वाहिला आणि टाळीचं तेवढं महादेवाच्या कानावर घातलं. मौन सुटलं. पहिला शब्द देवाचा झाला. मग चपला घालताना मी ह्यांना विचारलं, "किल्लीचं काय ठरलं?"

हे सवयीने खिसा चाचपू लागले. मग आठवलं.

"ती तिच्याकडेच आहे की," म्हणाले.

"मग राहू दे तिथेच," मी म्हटलं.