दोन पातेली मटण

"आई, यात मिरची नको टाकू वं. वाईन कडू लागते मंग," वैभवी म्हणाली, आणि माझा हात मसाल्याच्या डब्यातच थांबला. नागपूरजवळच्या वाडीत ट्रकवाल्यांची खानावळ चालवून केस पिकलेल्या बाईला हे सांगायचं!

फ्रान्सहून तीन वर्षांनी आलेल्या लेकीनं लाल वाईनची बाटली आणली होती. गोड नसते म्हणे, दोन-तीन जातींची द्राक्षं मिसळून करतात, जिभेला तुरट ओढते. सोबत भाजलेलं मटण, मशरूम, चीज. मिरी चालते, मिरची नाही. मी ऐकत होते, पण लक्ष कुठं? मला एकच विचारायचं होतं: शिक्षण संपलं, आता नागपूरला परत येणार ना? ती आल्यापासून शब्द ओठांवर यायचा आणि मी भांडी घासायला उठायचे. आमचे हे, रुपराव, वैतागले. एका जागी बूड टेकव म्हणाले.

शेवटी मी दोन पातेली चढवली. एकात वाईनसाठी फिक्कं मटण. कांदा, लसूण, मिरी, बस. दुसऱ्यात आपलं, लालभडक तर्रीचं. विचारायची हिंमत नव्हती, म्हटलं ताटच सांगेल. खानावळीतला माझा ठोकताळा आहे, दुसऱ्यांदा तर्री मागणारं गिऱ्हाईक पुन्हा येतंच.

वैभवीनं फिक्क्या मटणाचा एक घास घेतला, वाईनचा घोट घेतला, मान डोलावली. मग लाल पातेलं जवळ ओढलं. नाक गळतंय, डोळे गळताहेत, वाईन तशीच बाजूला. भाकरी कुस्करून जेवली पोरगी आणि वाटी पुढे केली. "आई, अजून तर्री."

मला आभाळ ठेंगणं झालं. वाढताना थोडी तर्री ताटाबाहेर सांडली.

"मसाला बांधून देशीन ना?" ती वाटीत बघत म्हणाली. "वर्षभर पुरन इतका. नोकरी पक्की झाली माझी. मी तिकडंच राहीन म्हणते."

रुपराव हात धुवायला गेले ते लवकर आलेच नाहीत. देते, मी म्हटलं. काहून म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर ती रडली असती, आणि भरल्या ताटावर रडू नये.

दुपारी ती रामदासपेठेत मैत्रिणीकडे गेली. फिक्कं मटण तसंच उरलं होतं. मी ताट घेतलं, तिच्या पेल्यातली वाईनही घेतली. जन्मात कधी शिवले नव्हते. पहिल्या घोटाला तोंड वाकडं झालं. मग चरबीचा तुकडा खाल्ला, पुन्हा घोट घेतला. तुरटपणा कुठल्या कुठं गेला आणि मटणाची चव वाढली. मला रागच आला. वाईट लागावं असं मनात होतं. पण जेवणाच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही.

रुपराव दारात उभे होते. कशी लागते म्हणून त्यांनी विचारलं.

"चांगली लागते," मी म्हटलं, आणि त्यांचंही ताट वाढायला घेतलं. "पोरीले तिकडं खायले बरं भेटते."