चेहरा सोडून सगळं

दिग्दर्शकाचा सांडपाण्यावरचा माहितीपट गाजला, हे त्याचं दुर्दैव. तेव्हापासून कुठेही गटार तुंबलं की वाहिनीवाल्यांना त्याची आठवण येई. त्याला खरं तर मैफली चित्रित करायच्या होत्या. शेवटी वाहिनीच्या मॅडमनी एक दिली.

"ही नीट झाली तर वर्षभराची मालिका तुमची. नाही तर सांडपाण्याचा भाग दोन आहेच," त्या म्हणाल्या. धमकी देताना त्या फार गोड बोलत.

मैफल होती एका बुजुर्ग पियानोवादक बाईंची. बाईंनी आजवर कॅमेऱ्याला दारात उभं केलं नव्हतं. या वेळी तयार झाल्या, पण अट घालून.

"माझा चेहरा दाखवायचा नाही. वाजवताना तो दाढ दुखत असल्यासारखा होतो."

"मग दाखवू काय?"

"ते तुम्ही शिकलायत ना? आणि आधी मी बघणार. मला नाही आवडलं तर कुणीच बघणार नाही."

दिग्दर्शकाने मुकाट मान डोलावली.

मैफलीच्या संध्याकाळी तो सभागृहामागे, मोडक्या खुर्च्या ठेवायच्या खोलीत, ओळीने लावलेल्या पडद्यांसमोर बसला. शेजारी बायको. कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र घ्यायचं ते तो ओरडायचा आणि बटण ती दाबायची. घरी नेमकं उलट चाले.

सुरुवात झकास झाली. बाईंचे हात, काळ्या लाकडातलं त्या हातांचं प्रतिबिंब, पायाखालचं पितळी पेडल. पण हात म्हणजे शेवटी हातच. थोड्या वेळाने बाई टायपिंगच्या परीक्षेला बसल्यासारख्या दिसू लागल्या.

"आता?" बायकोने विचारलं.

"पेडल."

"पेडल झालं. झुंबरही झालं. आता काय, ह्या मोडक्या खुर्च्या दाखवू?" मग ती एकदम म्हणाली, "अरे, तीनवर बघ."

तीन नंबरचा कॅमेरामन बाईंचा चेहरा चुकवता चुकवता बाजूला सरकला होता आणि शेजारी बसून स्वरलिपीची पानं उलटणाऱ्या गृहस्थांवर येऊन थांबला होता. हे बाईंचे यजमान. सूर चढले की त्यांच्या भुवया कपाळभर चढत, उतरले की खांदे उतरत. एका संथ जागी तर ते श्वास घ्यायचंच विसरले.

"तीन घे! आणि सोडू नकोस!"

"कधीच घेतलंय."

पुढची मैफल त्या चेहऱ्यावर तरली. आणि अगदी शेवटच्या रचनेत घोटाळा झाला. पान उलटा म्हणून बाईंनी मान हलवली. यजमान डोळे मिटून तल्लीन. बाईंनी पुन्हा मान हलवली. पान जागचं हललं नाही. बाई मात्र कुठेही न अडखळता शेवटापर्यंत वाजवत गेल्या.

"तेवढं काढून टाक," नंतर बायको म्हणाली. "बिचाऱ्यांची शोभा होईल."

दिग्दर्शकाने ते काढून पाहिलं. मैफल बिनशेवटाची झाली. त्याने ते परत जोडलं आणि दोघं बाईंच्या घरी गेली.

बाई पाहू लागल्या. ती जागा आली आणि यजमान खुर्चीत खाली खाली घसरू लागले.

"बंद करा हो! जन्मभर पानं उलटली, आणि तुम्हाला नेमकं हेच सापडलं?" मग त्यांच्या लक्षात आलं. "पण अगं, पान उलटलंच नाही, तर तू वाजवलंस कसं?"

"पाठ आहे."

"कधीपासून?"

"आपलं लग्न व्हायच्या आधीपासून."

"मग मला कशाला बसवतेस तिथे?"

"प्रेक्षकांत बसलात की घोरता तुम्ही."

बाई पडद्याकडे सरकल्या. "वाजवताना माझं सगळं लक्ष बोटांकडे. तुम्ही शेजारी हे असं करत असता?" त्या दिग्दर्शकाकडे वळल्या. "पुन्हा लावा."

त्याने लावलं. संपल्यावर "पुन्हा" म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्या मोठ्याने हसल्या. यजमानही हसायला लागले, जरा नाइलाजाने.

"म्हणजे... दाखवू ना?" दिग्दर्शकाने घाबरत विचारलं.

"अहो, विचारता काय? दाखवा की! आणि पुढच्या मैफलीला तो कॅमेरा ह्यांच्या आणखी जवळ ठेवा."

जिन्यातच दिग्दर्शकाने बायकोला उचलून गरकन फिरवलं. आवाज ऐकून खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडलं.

"काही नाही हो, आजोबा," त्याच्या खांद्यावरूनच बायको म्हणाली. "ह्याला वर्षभराचं काम मिळालंय."